कोरी जर्नलं

शैला,

तुझ्या स्मृतीच्या विशेषांकासाठी तुझ्यावर दीड पान लिहून मागितलंय मला. वर सारांश पाहिजे, खाली पाच कीवर्ड. तुझे विभागप्रमुख टेकाळे सर स्वतः वाचनालयात आले होते, हातात चहाचा कागदी कप, आणि सांगून झाल्यावर तो उष्टा कप माझ्याच टेबलावर ठेवून गेले. म्हणाले, ग्रंथपाल मॅडम, तुमच्याइतकं जवळचं त्यांना कॉलेजात कुणी नव्हतं, तुमच्या लेखानं अंकाला जरा भावनिक टच येईल. टच म्हणे. तेव्हा तुला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी तुला कीवर्डात बसवायचं होतं. पहिला कोणता देऊ, तूच सांग. मासे देऊ, येलदरीचं धरण देऊ, का जन्मभर दुसऱ्याच्या दारात विद्या मागत फिरलेली खुळी बाई असं देऊ?

आज पुन्हा शिपायाबरोबर निरोप आला, मॅडम तुमचा तेवढा लेख राहिलाय. राहू दे. ते दीड पान मी लिहिणार नाही. हे लिहायलेय ते तुला, आणि कागदावर लिहायलेय, कारण तोंडानं बोलायला लागले की मला शिव्या येतात आणि घरात नवी सून आहे.

तुझी शोकसभा कशी झाली ते तुला सांगायचं राहिलंय. तुझा फोटोच सापडेना कुणाला. शेवटी मागं कॉलेज तपासायला कमिटी आली होती तेव्हाचा ग्रुप फोटो काढला, त्यातून तुला कापून मोठी केली. डाव्या बाजूला टेकाळे सरांच्या सफारीचा खांदा तसाच राहिलाय. त्या खांद्यासकट हार घातला तुला. मग भाषणं. ज्यांनी तुला विभागाची खोली रिकामी करायला लावली त्यांनी तुला ज्ञानतपस्विनी केलं. तुझ्या येलदरीच्या फेऱ्यांना 'मॅडमची मासळीबाजाराची ड्यूटी' म्हणून खिदळणाऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगं नाही. नुसती किळस आली मला.

आणि मग प्राचार्य उठले. गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, मॅडमनी आपल्या महाविद्यालयात जर्नल्स आणली. मला हसू फुटलं गं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, खांदे गदगदा हलायले. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पाण्याची बाटली दिली. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास आणि दोघी तोंड लपवून बाहेर पळालो असतो.

आणली होतीस की तू जर्नलं. टेम्पो भरून आणली होतीस.

किती अर्ज केलेस त्या वेळी. प्राणीशास्त्र विभागासाठी, संशोधन करणाऱ्यांसाठी, जर्नल्स उपलब्ध करून द्यावीत. मी सांगत होते, शैला, मराठीत नीट उलगडून लिही, संशोधनपर नियतकालिकं म्हण. तू म्हणालीस, कॉलेजात बसलेल्या माणसांना जर्नल म्हणजे काय ते मी सांगायचं का? आणि नवल म्हणजे मंजुरी आली, तीही कुणाच्या मागं न लागता. तू पेढे आणलेस. मी वाचनालयातलं भिंतीकडचं रॅक रिकामं केलं, पुसून घेतलं, वर नवा कागद अंथरला. आणि एका सकाळी फाटकातून टेम्पो आत आला. सुतळीनं बांधलेले गठ्ठे. एक गठ्ठा तूच सोडलास. तपकिरी पुठ्ठा, त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. आत पहिल्याच पानावर छापलेलं, प्रमाणित करण्यात येते की सदर विद्यार्थ्याने प्रात्यक्षिके समाधानकारकरीत्या पूर्ण केली आहेत. पुढची सगळी पानं कोरी. उजवं पान रेघांचं, डावं आकृतीसाठी बिनरेघांचं. प्रॅक्टिकलची जर्नलं.

खरेदी बघणारे ऑफिसातले बडे बाबू शेजारीच उभे होते, पोरीचं लग्न लावून मोकळं झाल्यासारखा चेहरा. म्हणाले, जाड कागदाचीच घ्यायला लावली मॅडम, पोरांना पुरून उरतील. त्या बिचाऱ्याला काय बोलणार तू? थँक्यू म्हणालीस. मग वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मी चिडले होते, तू हसत होतीस. आपलं कायम असंच.

पण संध्याकाळी घरी निघताना तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तू म्हणालीस, कुमुद, बाबूंची चूक नाही, इथं त्या शब्दाला एकच अर्थ आहे. आपल्याकडं जर्नल म्हणजे मागच्या वर्षीच्या पोराचं बघून उतरवायचं, सरांची सही घ्यायची आणि परीक्षा झाली की रद्दीत घालायचं. ज्याच्यात कुणीतरी काहीतरी पहिल्यांदाच सांगितलेलं असतं त्यालाही जर्नल म्हणतात, ही खबर अजून इथवर आलेलीच नाही.

ती कोरी जर्नलं मी त्या पुसलेल्या रॅकवरच ठेवली. रॅक रिकामं बरं दिसत नाही म्हणून.

खरी जर्नल्स आपल्या कॉलेजात आलीच नाहीत असं नाही हां. खोटं कशाला बोलू? कमिटी यायची होती त्या वर्षी आली. घाऊक जोडणी होती ती, थोड्या पैशात कॉम्प्युटरवर जगभरची जर्नल्स उघडायची. आपण कितीदा मागितली होती, तेव्हा तरतूद नव्हती. कमिटीची तारीख लागली आणि तरतूद झाली, नवी खुर्ची आली, खिडकीला पडदा आला. तू त्या दिवसांत घरी जायला तयार नसायचीस. पर्स मांडीवर घेऊन त्या कॉम्प्युटरपुढं बसायचीस आणि अधूनमधून मला हाक मारायचीस, अगं हे बघ, हेपण उघडतंय. कमिटी जेवून गेली आणि पुढच्या वर्षी कुणी पैसेच भरले नाहीत. मी विचारायला गेले तर प्राचार्य म्हणाले, कोण वापरतं मॅडम, एक त्या शैलजा मॅडम सोडल्या तर? खरं होतं ते. त्या एका बाईला वाचायचं होतं एवढं कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही. पडदा अजून आहे.

मग सरकारची मोठी योजना आली, अख्ख्या देशासाठी एकदाच जर्नल्स घ्यायची म्हणून. तू मला पेपर वाचून दाखवलास. पण ते सरकारी संस्थांपासून सुरू होणार होतं, आपण पडलो खासगी अनुदानित संस्थेच्या कॉलेजातले, आणि आपली पाळी कधी ते कुणाला सांगता येईना. तू म्हणालीस, येईल गं. तुझं हे 'येईल गं' ऐकून मला तुला हलवावंसं वाटायचं.

तोवर तू तुझा मार्ग काढला होतास. तुझे वडील पेडगावचे, परभणीत वार लावून शिकलेले. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या. ते तू अभिमानानं सांगायचीस. आणि ज्या लेखाची एक प्रत उघडायला आपल्याला परवडणार नाहीत एवढे पैसे मागतात, तो लेख लिहिणाऱ्यालाच तू सरळ मेल टाकायचीस. आदरणीय महोदय, आमच्या कॉलेजात आपलं जर्नल येत नाही, एक प्रत पाठवाल का? आणि पाठवायचे गं लोक. कोण कुठले. तू मला म्हणायचीस, मीपण वार लावलेत, सोमवारी ब्राझील, मंगळवारी चीन. एकदा कुणा म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं आपला लेख तर पाठवलाच, वर लिहिलं की तुमच्या धरणातल्या माशांना माझा नमस्कार सांगा. तू येलदरीला जाऊन खरंच सांगितलास तो. मला तुझी ही गोष्ट लय आवडायची आणि तितकाच संताप यायचा. पोरांना शिकवणारी, सरकारचा पगार घेणारी बाई, तिनं वाचायला मिळावं म्हणून वार का लावायचे?

आता येलदरीच्या लेखाकडं येते. तिथंच आपलं भांडण अडलंय.

किती वर्षं तू त्या धरणावर गेलीस. पहाटे जाळी निघायच्या वेळी काठावर उभी राहायचीस. मरळ कमी का झाली, वाम कुठं गेली, बाहेरून आलेल्या चिलापीनं कुणाची जागा खाल्ली. शेवंताबाई आणि तिच्या घरचे भोई लोक तुला मासे मोजू द्यायचे, मापू द्यायचे, विकायला उशीर झाला तरी कुरकुर करायचे नाहीत. त्यातून तुझा लेख झाला आणि परदेशातल्या मोठ्या जर्नलनं घेतला. छापायचा तर दोन वाटा होत्या. एकीत तू पैसे भरायचे, मग लेख जगाला फुकट. दुसरीत तू एका कागदावर सही करायची, हक्क त्यांना द्यायचे, मग जो वाचेल त्यानं पैसे भरायचे. पहिल्या वाटेचा आकडा पाहून तू कॉम्प्युटर बंद केलास आणि दुसऱ्या दिवशी सही केलीस.

पहाटे उठून चिखलात उभी तू. मासे त्यांचे. पगार सरकारचा. तुझा लेख तपासणारे तेही कुठल्या तरी कॉलेजातले, फुकट तपासणारे. आणि कुलूप लावून दारात बसलेली कंपनी तिसरीच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी हे म्हणाले तेव्हा तू मला गप्प केलंस, म्हणालीस कुत्र्याला कशाला नाव ठेवतेस, त्याला निदान भूक असते.

लेख छापून आला, तुला तुझी म्हणून एक प्रत आली. तळाला बारीक अक्षरात, फक्त वैयक्तिक वापरासाठी. मी म्हणाले, एक वाचनालयात ठेवते. तू नको म्हणालीस. मग मीच शोधून काढलं की छपाईच्या आधीचा तुझा स्वतःचा मजकूर काही काळानं कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायची मुभा त्यांच्याच नियमात आहे. तू नाचलीस. आपण दोघी गेलो प्राचार्यांकडं. त्यांनी संस्थेला विचारतो म्हणून सांगितलं. संस्थेनं विचार केला, तो अजून चाललाय. त्या वेबसाइटवर अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो आहेत, त्यांच्या नातवाच्या जावळाचेसुद्धा आहेत. येलदरीच्या माशांना तेवढी जागा निघाली नाही.

आणि शेवंताबाई एसटीनं कॉलेजात आली होती, आठवतं? आमच्या पाण्याचं काय छापलं ते दाखव म्हणून. तू तिला चहा पाजलास, सगळं तोंडानं नीट समजावून सांगितलंस. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासा आमचा, पाणी आमचं, मेहनत बाई तुमची. मंग कागद कुणाचा हाय?" ती गेल्यावर मी तुला वाट्टेल ते बोलले. पोरं मोबाइलवर चोरट्या साइटवरून पाहिजे तो लेख क्षणात उतरवतात, जगभर चाललंय, आणि तू स्वतः लिहिलेला कागद त्या बाईच्या हातात देत नाहीस. चोर ती कंपनी आणि बोंबा आपल्या नावानं.

"मी सही केलीय, कुमुद," तू म्हणालीस.

मी म्हणाले, सही करायला लावली तुला, दुसरी वाट होती कुठं? तू शांतपणे पेन झाकलंस. "परीक्षेच्या हॉलमध्ये मी पोरांच्या कॉप्या पकडते. त्यांनापण दुसरी वाट नसतेच. मी आज हे केलं तर उद्या माझ्याच विद्यार्थिनीला, वंदनाला, उतरवू नको म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मला पटलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. पण ज्या कॉलेजात सगळंच एकमेकांचं बघून उतरवलेलं, तिथं उतरवणार नाही म्हणणारी तू एकटी होतीस, हे मला दिसत होतं. म्हणून मला तुझा रागही यायचा आणि तुझ्या शेजारी बसावंसंही वाटायचं. दवाखान्यातसुद्धा मी तोच विषय काढला. तू नळीला हात लावून म्हणालीस, बरी होऊन येते, मग भांडू. आली नाहीस.

आता अंकाचं ऐक.

तुझ्या नावानं टेकाळे सर परिसंवाद घ्यायलेत आणि त्यात वाचलेल्या पेपरांचा विशेषांक काढायलेत. अंकाचं नाव आंतरराष्ट्रीय, पत्ता त्यांच्या मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचा. मुखपृष्ठावर तू, या वेळी खांदा पुसून. प्रत्येक प्राध्यापकानं पेपर द्यायचा आणि सोबत शुल्क द्यायचं. शुल्क दिलं की पेपर छापणार, पेपर छापला की बढतीचे गुण मिळणार. विषयाचं बंधन नाही. मी काही पेपर चाळले. एकात बँकिंगवरचा दुसऱ्या कुणाचा लेख आहे, फक्त बँकेच्या जागी मत्स्यव्यवसाय आणि ग्राहकांच्या जागी मासे केलंय आणि एका ठिकाणी बदलायचं राहून गेलंय, तिथं मासे खातं उघडतात. आणि हे सगळे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांमध्ये शैला, तुझं नाव आहे. जुन्या अंकात परवानगी न घेता घातलं होतं, ते काढायचं कुणाला सुचलं नाही. तुझ्या स्मृतीच्या अंकातले पेपर तूच तपासून पास करायलीस.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हे मी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता रोज स्टाफरूममध्ये बघायलेय, चहाबरोबर. आणि मनात येतं, बडे बाबूंचं बरोबर होतं. जर्नल म्हणजे कुणाचं तरी बघून उतरवायचं आणि वर सही घ्यायची. त्यांनी आणलेली निदान कोरी तरी होती.

पण मी एवढी पेटले ती वंदनामुळं. तू गेल्यावर तुझ्या या लेकीसारख्या विद्यार्थिनीचं काय करतील याचा विचार केला होतास का? तुझ्याकडं पीएच.डी. करत होती तोवर ठीक होतं. तू गेलीस आणि ती टेकाळे सरांच्या वाट्याला गेली. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, येलदरीचा तुमचा पुढचा चॅप्टर विशेषांकात घेऊ, अंकाला वजन येईल. पहिलं नाव त्यांचं, दुसरं वंदनाचं, तिसरं तुझं, काळ्या चौकटीत. तुझ्या लेखाच्या पुढचं काम गं ते, मरळीच्या पिल्लांचं. तू गेल्यावर ती एकटी धरणावर जाऊन पुरं करून आली होती. ते बँकेत खातं उघडणाऱ्या माशांच्या शेजारी छापायचं होतं. एकदा तिथं छापलं की कुठलंही खरं जर्नल त्याला हात लावणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि टेकाळे सरांनाही.

ती वाचनालयात आली, समोर बसली. बोरीचं शेतकऱ्याचं घर, नवऱ्याची नोकरी धड नाही, दोन लेकरं, आणि इथं तासिका तत्त्वावर शिकवते. तास द्यायचे की नाही ते विभागप्रमुख ठरवणार, म्हणजे टेकाळे सर. मला विचारलं, मॅडम काय करू? काय सांगणार मी, शैला? माझं काय जातंय, माझी पेन्शन ठरलेली आहे. दुसऱ्याच्या चुलीवर आपण तत्त्व शिजवायचं का? मी म्हणाले, तुझ्या मनाला विचार. इतकं पुळचट वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

मग अंकाची मीटिंग झाली. सगळे होते, फरसाण होतं. टेकाळे सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, वंदना मॅडम, चॅप्टर मेल केला का? ती उठून उभी राहिली. मला वाटलं रडते आता. ती म्हणाली, "सर, मॅडमच्या तेराव्याला मी जेवून आले. ते जेवण त्यांच्या नावानं होतं. हे बी जेवणच हाय, पण हे त्यांच्या नावावर चाललंय. मी ह्या पंगतीला बसणार न्हाई."

एकानं फरसाणाची डिश हळूच खाली ठेवली. टेकाळे सर हसले, म्हणाले, मॅडम भावनिक झाल्यात, आणि पुढच्या विषयाकडं वळले. मला मात्र तिथंच मोठ्यानं रडू आलं, आणि या वेळी खरं होतं ते. शोकसभेत न आलेलं तुझ्यासाठीचं रडू मला फरसाणाच्या मीटिंगमध्ये आलं.

व्हायचं ते झालंच. नव्या सत्रात वंदनाला तास नाहीत. वर्कलोड बसत नाही म्हणाले. तिच्या जागी टेकाळे सरांचा कुणी भाचा आलाय, मासा आणि बेडूक यांत त्याला फरक कळतो एवढं तरी देवानं बघावं. वंदना औरंगाबादला दुसरा गाईड मिळतो का ते बघायलीय, तुझ्या ओळखीच्या एका बाईंनी ये म्हटलंय. तोवर बोरीत शिकवण्या घेते. चॅप्टर तिच्याजवळ आहे.

गेल्या आठवड्यात ती बेबाकीच्या दाखल्यावर माझी सही घ्यायला आली, पुस्तकं परत केल्याची. मी सही केली. ती कागद घडी करत उभीच राहिली आणि खाली बघून म्हणाली, "मॅडम, आता मी हितली न्हाई. मला वाचायला येऊ देतील का?"

मी म्हणाले, ये. कोण अडवतंय ते बघते मी.

ती गेली आणि मग माझ्या लक्षात आलं, ये म्हणाले खरी, पण तिनं येऊन वाचायचं काय इथं? भिंतीकडच्या रॅककडं बघितलं आणि इतकी लाज वाटली, इतकी शिसारी आली त्या सगळ्याची, की मी उठले. तुझा लेख माझ्या कॉम्प्युटरवर आहे. घरी वाचायला म्हणून तू माझ्याच प्रिंटरवर काढून घेतला होतास, फाईल तशीच राहिली. मी त्याच्या प्रती काढल्या. एक वंदनाच्या हाती येलदरीला पाठवली, सोबत तिनंच सोप्या मराठीत लिहिलेला मजकूर, शेवंताबाईला वाचून दाखव म्हणून सांगितलं. वंदनाचा फोन आला होता. सगळं वाचून झाल्यावर शेवंताबाईनं तो कागद मागून घेतला आणि देव्हाऱ्यात नाही, घरातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. दुसरी प्रत मी वाचनालयाच्या दारात, वर्तमानपत्रांच्या स्टँडवर लावलीय. तिथं ओळखपत्र लागत नाही, रस्त्यावरचा माणूससुद्धा पेपर वाचायला येऊन बसतो.

प्राचार्यांच्या कानावर कुणीतरी घातलंच. मला बोलावून म्हणाले, मॅडम, यात कॉपीराइटचा प्रश्न येतो. हा शब्द त्यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणाले, लेखी द्या. अजून दिलं नाही.

तू भांडशील हे मला माहीत आहे. शब्द दिला होता म्हणशील. दिला होतास आणि मरेपर्यंत पाळलास, तुझ्याइतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. पण शैला, सही तुझी होती. मी कुठं केलीय?